वाचक विचारतात: गुरुजी नाही म्हणू शकतात का?

या वेळच्या पत्रांमधली बरीचशी एकाच विषयाभोवती फिरणारी होती, समलिंगी लग्न आणि त्यात आपल्या श्रद्धेमुळे कुणाला नाही म्हणता येतं, म्हणून सोनं, सांधेदुखी, वारसाहक्क वगैरे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि इथे फक्त तीच पत्रं घेतलीयेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई, नमस्कार. बडोद्याला दांडिया बाजारात राहतो, पौरोहित्य आमच्याकडे आजोबांपासून आहे. आमच्या एका जुन्या यजमानांच्या मुलीचं तिच्या मैत्रिणीशी लग्न करायचं ठरलंय, भायलीकडे पार्टी प्लॉट पण बघितलाय, आणि यजमान म्हणतात गुरुजी लावायचं ते तुम्हीच. मला ते होणार नाही. विवाहविधीत वर आहे, वधू आहे, कन्यादान आहे, मी संकल्प काय म्हणून सोडू? पण माझा मुलगा म्हणतो, बाबा नाही म्हणालात तर केस होईल. आणि या माणसांनी आमच्या पडत्या काळात खूप केलंय, त्यांना दुखवायचं पण नाहीये.

उत्तर: गुरुजी, नमस्कार. आधी ती केसची भीती डोक्यातून काढून टाका. अमक्याचं लग्न गुरुजींनी लावलंच पाहिजे असा कुठलाच कायदा आपल्याकडे नाहीये. घटनेच्या २५ व्या कलमातलं सदसद्विवेकबुद्धीचं आणि धर्म पाळायचं स्वातंत्र्य तुम्हालाही आहेच. शिवाय दोन मुलींच्या लग्नाला अजून कायद्याची मान्यताच नाही, १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्न हा घटनेतला मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर तो संसदेनं करावा, आणि त्यावरच्या फेरविचार याचिका पण जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. म्हणजे तुमच्यावर सक्ती करणारं कुणीच नाही.

पण त्या मुलींची बाजू पण तितकीच खरी आहे आणि ती तुमच्या मुलाला नक्की सांगा. मान्यता नाही म्हणजे समारंभ गुन्हा आहे असं अजिबात नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाच्या कचाट्यातून हे नातं ६ सप्टेंबर २०१८ लाच सुटलंय. दोघी सज्ञान आहेत, त्यांनी चार नातेवाइकांसमोर हार घातले, होम केला, सात पावलं चालल्या, तर पोलिसांनी यायचं काही कारण नाही. आणि जे कोणी गुरुजी ते करतील त्यांच्या हातूनही काही बेकायदा घडलेलं नसेल. नोंदणीच्या फॉर्मवर गुरुजींची सही लागते तो प्रश्न पण इथे येत नाही, कारण नोंदणीच होत नाही.

आता कुणीही विचारेल, आणि विचारायलाच हवं, की उद्या एखादे गुरुजी म्हणाले मी अमुक जातीच्या घरी येणार नाही तर तेही धर्माचं स्वातंत्र्य म्हणून चालवून घ्यायचं का? नाही, मुळीच नाही. अस्पृश्यता घटनेनं बंद केलीये आणि त्या कारणावरून सेवा नाकारणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी मला दोन्हींत फरक दिसतो. जातीवरून नाकारणारा माणूस तोच विधी, तेच मंत्र शेजारच्या घरी म्हणतो आणि या घरी म्हणत नाही, म्हणजे त्याचा आक्षेप समोरच्या माणसावर असतो. तुम्ही जे लिहिलंय ते विधीबद्दल आहे, त्यातल्या जागा कुणाच्या, संकल्पात काय म्हणायचं, हे तुम्हाला खरोखर अडतंय.

तरी स्वतःला एक प्रश्न विचाराच. ह्याच मुलीनं उद्या नवीन फ्लॅट घेतला, दोघी तिथे राहणार आहेत, आणि वास्तुशांतीला तुम्हाला बोलावलं तर जाल का? जाल, तर तुमचा आक्षेप विधीवर आहे आणि तो मी मनापासून मानते. पण तिथेही पाय अडखळत असेल तर गुरुजी, तो आक्षेप तिच्यावर आहे, आणि त्याला धर्माचं नाव देऊ नका. हे मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाहीये, तुमच्या पत्रात यजमानांविषयी इतकी माया दिसली म्हणून लिहितेय.

मग नाही कसं म्हणायचं? आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१५ साली पुरोहितांसाठी कायदा केला होता, परीक्षा द्या, परवाना घ्या, आणि मंत्रांचा अर्थ यजमानाला त्याच्या भाषेत समजावून सांगा म्हणून. तीच पद्धत नकार देताना पाळा. स्वतः त्यांच्या घरी जा, फोनवर नको, मुलाकडून निरोप तर नकोच. मुलगी घरात असेल तर तिच्यासमोर सांगा की विवाहाचा विधी मला जसा शिकवलाय तो असा आहे, त्यात मला हे बसवता येत नाही, तुझ्याबद्दल माझ्या मनात राग नाही. आणि आत्ताच सांगा. २०२२ च्या जूनमध्ये आपल्याच शहरात एका मुलीनं स्वतःशीच लग्न करायचं जाहीर केलं होतं ते सगळ्यांना आठवत असेल, देवळात करायला विरोध झाला, ठरलेल्या गुरुजींनी माघार घेतली आणि शेवटी तिनं घरीच मंत्रांचं रेकॉर्डिंग लावून विधी उरकले. त्या लग्नाबद्दल कुणाला काही वाटो, शब्द दिल्यावर माघार घेतली की समोरच्या घराची काय अवस्था होते ते मात्र सगळ्या शहरानं पाहिलं. तुम्ही अजून शब्द दिलेला नाही हे चांगलंय. आगाऊ काही घेतलं असेल तर ते त्याच भेटीत परत करा.

आणि बाहेर बोलू नका. मंडळात, देवळाच्या पायरीवर, दुसऱ्या यजमानांकडे, कुठेच नाही. तुम्हाला विचारलं ते विश्वासानं विचारलंय. त्यांनी दुसरे गुरुजी आणले किंवा गुरुजींशिवायच लग्न केलं तर तो त्यांचा प्रश्न, आणि गुरुजींशिवाय लग्न ही आपल्या लोकांना नवीन गोष्ट नाही, सत्यशोधक समाजानं १८७३ पासून तशी लग्नं लावलीयेत.

प्रश्न: ताई, माझा मुलगा टोरंटोला असतो, तिथेच एका मुलाशी लग्न करतोय. आम्हाला पचायला वेळ लागला, खोटं कशाला बोलू. आता वाटतं की आपल्या पद्धतीनं चार मंत्र तरी व्हावेत. आमच्या रावपुऱ्यातले गुरुजी आनंदानं तयार झाले होते, तिकीट काढायचं बाकी होतं, तर समाजातल्या काही जणांनी त्यांना सांगितलं की गेलात तर इथली सगळी कामं बंद होतील. ते बिचारे घाबरलेत. ह्यांच्या धर्माचा एवढा हक्क आहे तर आमचा काहीच नाही का? आणि तिकडचा कायदा काय आहे?

उत्तर: ताई, आधी कायद्याचं सांगते कारण ते सोपं आहे. कॅनडात असं लग्न २००५ पासून देशभर कायदेशीर आहे. त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय की धर्मगुरूंना आपल्या श्रद्धेविरुद्धचं लग्न लावायला नकार देता येतो, म्हणजे तिथल्या कुठल्या पाद्र्यावर किंवा पंडितावर जबरदस्ती नाही, आणि तरीही कुणाचं लग्न त्यामुळे अडत नाही कारण सिटी हॉलमध्ये सिव्हिल लग्न होतंच. ओंटारियोत लग्न लावणारी व्यक्ती सरकारकडे नोंदलेली लागते, त्यामुळे बडोद्याहून गुरुजी नेले तरी तशी नोंदणी नसेल तर त्यांनी लावलेलं लग्न कायद्याच्या हिशोबात धरलं जाणार नाही. मुलाला सांगा, कायद्याचं काम तिथल्या अधिकाऱ्याकडून आधी करून घ्या आणि मग घरी किंवा हॉलमध्ये मंगलाष्टकं, सप्तपदी, जे हवं ते करा. भारतात मात्र ते लग्न सध्या धरलं जात नाही, म्हणून इथली काही मिळकत त्याच्या जोडीदाराला द्यायची असेल तर मृत्युपत्र लागेल, हे पण आत्ताच बोलून घ्या, नंतर कोर्टात बोलायची वेळ येऊ नये.

आता गुरुजींचं. वरचं पत्र वाचा, तिथे मी एका गुरुजींना म्हटलंय की तुम्हाला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. तो हक्क ज्या कारणासाठी आहे, की माणसानं आपल्या मनाला पटेल तसं वागावं, नेमक्या त्याच कारणानं तुमच्या गुरुजींना हो म्हणायचा हक्क आहे. ज्यांनी त्यांना कामं बंद करायची धमकी दिली त्यांनी स्वतः यायचं नसेल तर येऊ नये, अक्षता टाकू नयेत, आपल्या घरच्या कार्याला दुसरे गुरुजी बोलवावेत, इथपर्यंत ठीक. पण गावभर फिरून एका माणसाचं पोट बंद करायचं हे धर्मरक्षण नव्हे, ही दंडेली आहे, आणि मला याचा खरंच संताप येतो, कारण हीच मंडळी उद्या सरकारनं त्यांच्या देवळात काही सांगितलं की विवेकस्वातंत्र्याची भाषा बोलतील.

गुरुजींवर दबाव तुम्हीही टाकू नका. त्यांना सांगा की तुम्ही आला नाहीत तरी आमचं तुमचं काही बिघडणार नाही. व्हिडिओ कॉलवरून मंत्र म्हणता येतील का तेवढं विचारून बघा, न जमल्यास तुम्ही स्वतः म्हणा, आईनं म्हटलेली मंगलाष्टकं कुठल्याही गुरुजींपेक्षा कमी नाहीत. तुम्ही दोघं जा मात्र नक्की. पचायला वेळ लागला असं लिहिलंत, मुलाला ते ठाऊक असणारच, म्हणूनच त्याला तुम्ही समोर उभे हवे आहात.

प्रश्न: मी लग्ननोंदणीच्या कामाशी संबंधित सरकारी नोकरीत आहे. धार्मिक माणूस आहे, वारी करतो. उद्या संसदेनं कायदा केलाच तर मला माझ्या श्रद्धेमुळे त्या फाइलवर सही न करण्याची सूट मिळेल का? गुरुजींना मिळते तर मला का नाही?

उत्तर: साहेब, माझं मत विचाराल तर नाही, आणि मिळू नये. गुरुजी स्वतःची पिशवी घेऊन येतात, त्यांना नको असेल तर यजमान दुसरीकडे जातो. तुमच्या टेबलापलीकडे दुसरं टेबल नाही. तुमची सही तुमच्या श्रद्धेची नसते, ती शिक्क्याची असते. कोल्हापुरात वेदोक्ताच्या वादात, म्हणजे राजघराण्याला वैदिक मंत्रांचा अधिकार आहे की नाही या वादात, राजोपाध्यांनी म्हणजे दरबारच्या पुरोहितांनी शाहू महाराजांच्या घरी वैदिक मंत्र म्हणायला नकार दिला तेव्हा शाहू महाराजांनी त्यांचं वतनच काढून घेतलं. दरबारचं वतन खायचं आणि दरबारचं काम मात्र आपल्या सोयीनं करायचं, हे त्यांनी चालवून घेतलं नाही.

बाहेरही बहुतेक हाच निकाल लागलाय. अमेरिकेत समलिंगी लग्नाला मान्यता देणाऱ्या २०१५ च्या निकालानंतर केंटकीमधल्या किम डेव्हिस या काउंटी क्लार्कनं लग्नाचं लायसन्स द्यायचंच बंद केलं आणि कोर्टाच्या अवमानाबद्दल त्यांना काही दिवस जेलमध्ये जावं लागलं. लंडनच्या इस्लिंग्टनमधल्या एका रजिस्ट्रार बाई युरोपच्या मानवाधिकार कोर्टापर्यंत गेल्या आणि २०१३ मध्ये हरल्या. दक्षिण आफ्रिकेनं २००६ च्या कायद्यात सरकारी अधिकाऱ्यांना अशी सूट दिली होती, ती २०२० मध्ये काढून टाकली.

आणि एक गोष्ट उद्याची नाही, आजची आहे. पुरुष आणि ट्रान्सजेंडर स्त्री असं जोडपं आलं तर त्यांना आजच्या कायद्यानंच लग्न करता येतं. मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठानं २०१९ मध्ये हे सांगितलं आणि २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात या एका मुद्द्यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. असं जोडपं तुमच्यासमोर आलं तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस लावा, हरकत आलीच तर ती कायद्यातल्या अटींमध्ये बसते का एवढंच बघा, तीन साक्षीदार घ्या आणि काम पूर्ण करा. त्यांना चकरा मारायला लावू नका, फोटो नीट नाही, झेरॉक्स नाही, साहेब जेवायला गेलेत, हे नकाराचे सगळे प्रकार लोकांना ओळखता येतात. मनाला अगदीच सहन होत नसेल तर दुसऱ्या विभागात बदली मागा, तो मार्ग प्रामाणिक आहे आणि त्यासाठी मी तुम्हाला नावं ठेवणार नाही.

प्रश्न: माझी पत्रिका छापायची छोटी प्रेस आहे. दोन मुलांच्या लग्नाची पत्रिका छापायला आली तर नाही म्हटलेलं चालेल का? खुर्च्या-मांडववाला मित्र पण विचारतोय.

उत्तर: खुर्च्या आणि मांडव द्यायला काय हरकत आहे, खुर्ची काही बोलत नाही, मित्राला सांगा भाडं घे आणि दे. पत्रिकेचं थोडं वेगळं आहे कारण तिच्यावर शब्द असतात. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात २०१८ मध्ये असाच वाद होता, एका बेकरीनं समलिंगी लग्नाला पाठिंबा द्या असं लिहिलेला केक करायला नकार दिला होता, आणि कोर्टानं बेकरीच्या बाजूनं निकाल दिला कारण नकार गिऱ्हाइकाला नव्हता, त्या मजकुराला होता. मला स्वतःला वाटतं पत्रिकेत नावं, तारीख आणि पत्ता एवढंच असतं, ते छापल्यानं तुमचं मत कुणाला कळत नाही, तुम्ही छापावी. तरी मन घेतच नसेल तर ऑर्डर घेतानाच सांगा, अॅडव्हान्स घेऊन, प्रूफ दाखवून झाल्यावर नको, आणि तोच मुलगा पुढच्या आठवड्यात दुकानाची बिलबुकं छापायला आला तर ती वेळेत छापून द्या.