दापोलीत राहून बी.ए. करणाऱ्या मुलीला आंतरराष्ट्रीय सुरक्षेत करिअर करता येईल का? घरचे म्हणतात, हे पुरुषांचं क्षेत्र.

हो, नक्की येईल, आणि सुरुवात दापोलीतूनच करा. मी एम.ए.च्या वर्गांना हाच विषय शिकवते. सागरी सुरक्षेवर लिहिणारे बरेच, पण बंदर आतून ओळखणारे फार थोडे. 1993 च्या मुंबईतल्या स्फोटांआधी स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला उतरली, 26/11 चे हल्लेखोर ‘कुबेर’ या मच्छीमार बोटीतून आले. त्यानंतर खलाशांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली. ती दापोलीजवळच्या हर्णै बंदराच्या जेट्टीवर प्रत्यक्षात तपासली जातात का, रात्री परतणाऱ्या होड्यांची नोंद कोण ठेवतं, लिलावाला बसणाऱ्या कोळणींना अनोळखी बोट दिसली तर त्या कुणाला कळवतात? हे विचारून हजार शब्दांचा लेख लिहा, मराठीत लिहिलात तरी चालेल. नुसत्या गुणपत्रिकेपेक्षा असा लेख जास्त बोलतो. मग परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करणाऱ्या मुंबईच्या ‘गेटवे हाऊस’सारख्या संस्थेत इंटर्नशिपसाठी अर्ज करा, ती 2009 मध्ये मनजीत कृपलानी आणि माजी राजदूत नीलम देव या दोघींनी उभारली. घरच्यांना हेही सांगा:

- संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव 1325 (2000) शांतता-सुरक्षेच्या निर्णयांत स्त्रियांचा सहभाग मागतो.
- 2007 मध्ये भारताने लायबेरियाच्या शांतिमोहिमेत महिला पोलिसांची स्वतंत्र तुकडी पाठवली.

एक मात्र आहे: संशोधनाच्या पदांना बहुधा एम.ए. लागतं आणि सुरुवातीचं मानधन बेताचं असतं. म्हणून नेट किंवा यूपीएससीची तयारी सोबत चालू ठेवा.