क्नुट हाम्सुन कोण होते आणि त्यांच्याविषयी इतका वाद का आहे?

क्नुट हाम्सुन (१८५९–१९५२) हे नॉर्वेच्या नवस्वच्छंदतावादी (भावना, कल्पना आणि निसर्ग यांना पुन्हा महत्त्व देणाऱ्या) कादंबरीकारांमधील सर्वांत प्रभावी नाव आहे. त्यांचे बालपण उत्तर नॉर्वेतील हामारॉय येथे गरिबीत गेले आणि तरुणपणी अमेरिकेत त्यांनी शेतमजुरीपासून शिकागोच्या ट्रामवरील कंडक्टरपर्यंत मिळेल ते काम केले.

१८९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘सुल्ट’ (भूक) या कादंबरीत क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरात उपाशी भटकणारा एक निनावी लेखक आहे. पण सामाजिक अन्यायाचे चित्रण करण्याऐवजी हाम्सुन त्याच्या मनातील क्षणोक्षणी बदलणारे भ्रम, अभिमान आणि लाज टिपत राहतात, आणि हेच त्या काळी अगदी नवे होते. ‘पान’ (ग्रीक वनदेव ‘पॅन’ याचे नाव; १८९४) या कादंबरीत ग्लान या लेफ्टनंटचे उत्कट, आत्मघातकी प्रेम उत्तरेकडील अरण्य आणि तिथल्या अल्पजीवी उन्हाळ्याशी असे एकजीव झाले आहे की, माझ्या मते, त्यांची शैली समजण्यासाठी वाचनाची सुरुवात याच पुस्तकाने करावी. शेतकरी जीवनावरील ‘मार्केन्स ग्रोडे’ (जमिनीचे पीक, १९१७) या कादंबरीसाठी त्यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वादाचे कारण गंभीर आहे. नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात असताना त्यांनी नाझींचे उघड समर्थन केले, आपले नोबेल पदक नाझी प्रचारमंत्री गोबेल्सला दिले आणि मे १९४५ मध्ये हिटलरचा गौरव करणारा मृत्युलेख लिहिला. युद्धानंतर न्यायालयाने त्यांना मोठा आर्थिक दंड ठोठावला. युद्धानंतरच्या नजरकैदेच्या आणि खटल्याच्या काळावरील त्यांचे अखेरचे पुस्तक १९४९ मध्ये, त्यांच्या नव्वदीत, प्रसिद्ध झाले.