आंबटपणा हरवतो तेव्हा

प्रश्न : वय ३१. दीड महिन्यापासून अंगावरून पातळ, राखाडीसर पांढरं जातं. मासळीसारखा वास येतो, संबंधानंतर तर फारच. खाज किंवा आग नाही. दिवसातून दोनदा आतपर्यंत धुते, त्यासाठी वेगळा इंटिमेट वॉशही आणला, तरी फरक नाही. स्वच्छतेत मी कुठे कमी पडते?

उत्तर : कमी कुठेच पडत नाही, धुणंच जास्त होतंय. आधी ते आतून धुणं थांबवा.

योनिमार्गाचं आरोग्य बऱ्याच अंशी लॅक्टोबॅसिलस कुळातल्या जिवाणूंवर अवलंबून असतं. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या प्रभावाने योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जमतो. त्याचं विघटन होऊन जी साखर मिळते, तिच्यापासून हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ३.८ ते ४.५ च्या दरम्यान राहतो. इतक्या आंबट जागी त्रासदायक जिवाणूंना डोकं वर काढता येत नाही. आतून पाणी, साबण किंवा वॉश मारला की हे आम्लही जातं आणि ते बनवणारेही जातात. मोकळ्या जागेत गार्डनेरेला, प्रिव्होटेला असे कमी ऑक्सिजनमध्ये वाढणारे जिवाणू पसरतात. या स्थितीला बॅक्टेरियल व्हजायनोसिस, थोडक्यात बीव्ही, म्हणतात. तुमची लक्षणं तिच्याशी जुळतात.

वास येतो तो या जिवाणूंनी बनवलेल्या अमाइन्स नावाच्या उग्र वासाच्या रसायनांमुळे. वीर्य अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, असतं. त्याच्याशी गाठ पडली की अमाइन्स वायुरूप होऊन उडतात, म्हणून संबंधानंतर वास वाढतो. पाळीचं रक्तही आम्लधर्मी नसतं, त्यामुळे त्या दिवसांतही अनेकींना असाच अनुभव येतो.

बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुतला की पुरे. योनिमार्ग आपली सफाई स्वतः करतो. सुगंधी द्रव्यांनी वास झाकला जातो आणि निदान लांबतं. मात्र धुणं थांबवलं म्हणून जमलेली बीव्ही हमखास आपोआप जाईल असं नाही. तपासणी करून औषध घ्या. तपासणीच्या आधी दोन दिवस संबंध, योनीत ठेवायची औषधं आणि वंगण जेल टाळा. नाहीतर पीएच चुकीचा येतो.

प्रश्न : सर्वसाधारण तपासणीत कल्चरचा रिपोर्ट 'गार्डनेरेला आढळला' असा आला. मला त्रास काहीच नाही. गोळ्या घ्यायच्या का?

उत्तर : तेवढ्यावरून नको. गार्डनर आणि ड्यूक्स यांनी १९५५ साली या जिवाणूचा योनिदाहाशी संबंध दाखवला आणि मग बराच काळ तोच एकटा गुन्हेगार ठरला. प्रत्यक्षात तो निरोगी स्त्रियांमध्येही सापडतो. बीव्ही म्हणजे एका जंतूचा शिरकाव नव्हे, अख्ख्या वस्तीचा तोल जाणं. म्हणून नुसतं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं, इथे उपयोगाचं नाही.

निदानासाठी ॲमसेलचे १९८३ चे निकष वापरतात. पातळ, एकसारखा स्राव; पीएच ४.५ पेक्षा जास्त. स्रावावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच येणारा मासळीसारखा वास. आणि सूक्ष्मदर्शकाखाली क्लू सेल, म्हणजे जिवाणू इतके चिकटलेल्या पेशी की त्यांची कडाच पुसट होते. अशा पेशी एकूण पेशींच्या निदान २० टक्के हव्यात. चारपैकी तीन गोष्टी जुळल्या तर बीव्ही. प्रयोगशाळा ग्रॅम रंगद्रव्य लावून न्यूजेंट गुणही देते : ० ते ३ ठीक, ४ ते ६ मधलं, ७ ते १० बीव्ही.

नमुना घेणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण चूक इथेच होते : पीएचसाठी स्राव योनीच्या बाजूच्या भिंतीवरून घ्यावा. गर्भाशयमुखाचा चिकट स्राव मुळातच कमी आम्ल असतो, तो कागदाला लागला की निरोगी स्त्रीचाही आकडा चढतो.

लक्षणं नसतील तर सहसा औषध देत नाहीत. गरोदरपणात लक्षणं असतील तर उपचार करतात.

प्रश्न : वर्षभरात चौथ्यांदा बीव्ही. गोळ्यांनी आठवडाभरात बरं वाटतं, दीड-दोन महिन्यांत पुन्हा तेच. आता पतीलाही औषध घ्यायला सांगितलंय. पूर्वीच्या डॉक्टरांनी तर गरज नाही म्हटलं होतं. खरं काय?

उत्तर : दोघंही आपापल्या काळात बरोबर. आधी परत का येतं ते पाहू.

नेहमीचा कोर्स मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस. किंवा त्याचंच ०.७५ टक्के जेल ५ ग्रॅम रोज एकदा योनीत, ५ दिवस. किंवा क्लिंडामायसिनची २ टक्के क्रीम ५ ग्रॅम रात्री झोपताना, ७ दिवस. वास तिसऱ्या-चौथ्या दिवशी जातो आणि तोंडाची धातूसारखी चव नकोशी होते, म्हणून गोळ्या तिथेच थांबतात. ही पहिली चूक. दुसरं कारण आपल्या हातात नसतं : हे जिवाणू अस्तराला चिकटून चिवट थर धरतात, औषधाने वरचे मरतात, तळचे उरतात.

तिसरं म्हणजे रिकाम्या जागी कोण येतं. मेट्रोनिडॅझोल लॅक्टोबॅसिलसला मारत नाही, ही जमेची बाजू. पण कोर्सनंतर बहुधा लॅक्टोबॅसिलस इनर्सचाच जोर होतो. हा भाऊबंद जरा बेभरवशाचा, बीव्हीतही सुखाने नांदतो. खरी राखण करतो तो लॅक्टोबॅसिलस क्रिस्पेटस. क्रिस्पेटसच्या सीटीव्ही-०५ या वाणावर २०२० मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. मेट्रोनिडॅझोल जेलनंतर तो योनीत ठेवलेल्या स्त्रियांपैकी ३० टक्क्यांना, तर नुसतं बिनऔषधी द्रव्य दिलेल्यांपैकी ४५ टक्क्यांना १२ आठवड्यांत बीव्ही परतली. बाजारातल्या कॅप्सूलवर हे आकडे लावू नका. त्यांतले जिवाणू सहसा वेगळे असतात.

आता पतीचं. पूर्वी पुरुषांना फक्त तोंडी गोळी देऊन पाहिलं, पुनरावृत्ती काही कमी झाली नाही. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातली १६४ जोडप्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात पुरुषांना मेट्रोनिडॅझोल ४०० मिलिग्रॅम दोनदा आणि शिश्नाच्या त्वचेवर क्लिंडामायसिन २ टक्के क्रीम दोनदा, असे ७ दिवस दिले. १२ आठवड्यांत बीव्ही परतली ती या गटात ३५ टक्के स्त्रियांना. फक्त स्त्रीवर उपचार झाले तिथे ६३ टक्के. मेख बहुधा त्या क्रीममध्ये आहे, कारण जिवाणू त्वचेवरही राहतात. दोघांचा कोर्स एकाच वेळी करा आणि तो संपेपर्यंत संबंध टाळा. ही क्रीम तेलयुक्त असते. ती वापरताना आणि नंतरचे ५ दिवस रबरी लेटेक्स निरोधावर भरवसा ठेवू नका.

एवढ्यानेही न थांबल्यास मेट्रोनिडॅझोल जेल आठवड्यातून दोनदा, काही महिने चालवतात. बोरिक ॲसिडच्या ६०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलही योनीत ठेवायला देतात. ती पोटात गेली तर विष आहे, गरोदरपणात चालत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आणू नका.

प्रश्न : खाज आली की मी बुरशीची क्रीम आणते. या वेळी गुण आला नाही.

उत्तर : मग ती बुरशी नसावी. बुरशीत खाज तीव्र, स्राव गुठळ्या-गुठळ्यांचा, वास जवळजवळ नाही आणि पीएच बहुधा ४.५ च्या आतच. पीएच चढलेला, स्राव हिरवट-पिवळा, फेसाळ आणि सोबत जळजळ असेल तर ट्रायकोमोनास, म्हणजे संबंधातून पसरणारा परजीवी, तपासा. त्यात जोडीदारावर उपचार करावेच लागतात. सोबत ताप, ओटीपोटात दुखणं किंवा संबंधानंतर रक्त दिसलं तर क्रीमच्या फंदात न पडता लगेच डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : वय ५६, पाळी जाऊन पाच वर्षं झाली. कोरडेपणा, चुरचुर, पीएच ६ आला. बीव्हीची गोळी घेऊ?

उत्तर : थांबा. या वयात इस्ट्रोजेन घटतं, ग्लायकोजेन कमी होतं, लॅक्टोबॅसिलस ओसरतात आणि पीएच चढतो, बीव्ही नसतानाही. इथे योनीत वापरायची कमी मात्रेची इस्ट्रोजेन क्रीम जास्त उपयोगी पडते, पण गुण यायला काही आठवडे लागतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी ते सांगा. आणि एकदाही रक्त दिसलं असेल, अगदी डागापुरतं, तर क्रीमच्या आधी गर्भाशयाची तपासणी व्हायला हवी.