खिशातली गोळी, खिशातला कांदा

"मॅडम, मले एकच सांगा. हे भेव कायमचं जाईन ना?"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच रमेशभाऊंनी (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) हा प्रश्न टाकला. भीती घेऊन येणारी बहुतेक माणसं फिरून फिरून हेच विचारतात. नागपूरच्या इतवारीत किराण्याचं ठोक दुकान, वय सत्तेचाळीस, आवाज खणखणीत. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत हृदयाच्या तपासण्यांचे रिपोर्ट: तीन ईसीजी, एक टूडी इको, एक टीएमटी. सगळे नॉर्मल.

झालं होतं असं. मार्चमध्ये त्यांचा बरोबरीचा मित्र हार्ट अटॅकने गेला. मे महिन्याच्या एका दुपारी, ऊन अगदी डोक्यावर असताना, हे वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावरून एकटेच गाडी चालवत विमानतळाकडे निघाले. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. पूल 3.14 किलोमीटरचा, एकदा चढलं की मधेच गाडी वळवायची सोय नाही. अर्ध्यात छाती धडधडली, घसा सुकला, बोटांना मुंग्या आल्या. "वाटलं, आता आपला बी नंबर."

त्यानंतर पूल सुटला. खालच्या रस्त्याने, सिग्नलवर थांबत जायचं. मग वर्धा रोडच सुटला. मग एकट्याने गाडी चालवणं. माझ्याकडे आले तेव्हा जुलै संपत आला होता आणि त्यांचं नागपूर इतवारी ते महाल एवढंच उरलं होतं.

मी विचारलं, "खिशात काय ठेवता?"

थोडं ओशाळून त्यांनी दोन गोष्टी टेबलावर ठेवल्या. एक छोटा कांदा, ऊन लागू नये म्हणून. आणि एका पाहुण्याने दिलेली सॉर्बिट्रेटची, म्हणजे हृदयविकारावरच्या गोळ्यांची, पट्टी. छातीत धडधडलं की एक गोळी जिभेखाली. या गोळीने रक्तदाब उतरतो, डोकं ठणकतं, गरगरतं. आणि गरगरलं की यांना वाटायचं, आलाच अटॅक! डॉक्टरांनी लिहून न दिलेली गोळी दुसऱ्याच्या सल्ल्याने घेणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. त्यांना आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे परत पाठवलं. गोळीची गरज नाही, व्यायामाला हरकत नाही, असं त्यांनी लिहून दिल्यावरच आमचं काम सुरू झालं.

धोका दिसला की शरीरात अ‍ॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो. पळायची नाहीतर भिडायची तयारी असते ती. श्वास गरजेपेक्षा जास्त झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मुंग्या आणि गरगर त्यातूनच. असा भीतीचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग आपोआप ओसरतो. रमेशभाऊंनी तो ओसरताना कधी पाहिलाच नव्हता. दरवेळी त्याआधीच पळ काढला, नाहीतर गोळी घेतली. आणि वाचलो ते त्यामुळेच, अशी मेंदूने नोंद करून ठेवली.

इथे माझी एक चूक झाली. मी त्यांना सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. पंधरा दिवसांनी ते आले ते वैतागूनच. "मॅडम, श्वास मोजता मोजता आकडा चुकला, अन् अजूनच घाबरलो." गोळीच्या जागी मी श्वास आणून ठेवला होता! भीती दाबायचं आणखी एक साधन, बाकी काही नाही.

मग उलटं केलं. माझ्याच खोलीत दोघांनी मिळून मिनिटभर भराभरा श्वास घेतला. मुंग्या आल्या, डोकं हललं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "काही करू नका. नुसतं बघा, कुठवर जाते ते." चार मिनिटांनी ते म्हणाले, "उतरून राहिली जी." नंतर जिना धावत चढणं, तेही धडधड मुद्दाम आणायला. "मन खंबीर करा" असं त्यांना घरच्या सगळ्यांनी सांगून झालं होतं; त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

सप्टेंबरात मेट्रो. झिरो माइलला बसायचं, एअरपोर्ट स्टेशनला उतरायचं, परत यायचं. काचेतून खाली तोच पूल दिसतो. मग गाडीने पूल, मुलगा शेजारी. मग मुलगा मागच्या सीटवर. मग मुलगा पुलाच्या पलीकडे उभा. एकदा ऑक्टोबरात ते पुलाच्या तोंडाशी जाऊन परत फिरले आणि पुढचे दोन आठवडे माझा फोनच उचलला नाही. ते मी अपयशात मोजत नाही. नोव्हेंबरात एकटे गेले.

पहिल्या दिवशीच्या त्यांच्या प्रश्नाला मी 'नाही' म्हटलं होतं, आणि ते त्यांना आवडलं नव्हतं. मित्र गेला, वय वाढतंय, मरणाचं भय पुसून टाकणारी विद्या माझ्याकडे नाही. भीतीला शेजारच्या सीटवर बसू द्या, स्टिअरिंग तुमच्या हातात ठेवा, एवढंच मी सांगू शकत होते.

यंदा मे महिन्यात त्यांचा फोन आला. मुलीला विमानतळावर सोडून परतताना छत्रपती चौकाच्या आसपास धडधड झाली होती.

"मग?"

"मग काय, आली तशी गेली. मी गाडी चालवत होतो न."

"खिशात काय होतं?"

"कांदा."

मी गप्प राहिले, तसे ते हसले. "मॅडम, तो उन्हासाठी आहे जी! पारा पाहिला का आजचा?"