फॉरेन्सिक सायकियाट्रीचा पहिला तास

मेडिकलच्या पोरांना फॉरेन्सिक सायकियाट्री, म्हणजे कोर्टाच्या कामी येणारं मानसोपचारशास्त्र, शिकवायला जाशील तेव्हा पहिल्या तासाला १८४३ चा मॅकनॉटन खटला, म्हणजे वेडाच्या बचावाचा तो गाजलेला इंग्लिश खटला, घेऊन उभा राहू नकोस. दुपारी दोनचं लेक्चर, पोरं जेवून आलेली. तू इंग्लंडात पोचेपर्यंत मागचे दोन बाक झोपलेले असतील. त्यापेक्षा एक केस सांग. शेजारी आपल्यावर भानामती करतो अशा भ्रमातून एकाने त्याला कोयत्याने मारलं. मग कोयता विहिरीत टाकला, कपडे बदलले. आता विचार, हा सुटेल का?

निम्मा वर्ग ओरडेल, 'स्किझोफ्रेनिया (भ्रम-भासांचा गंभीर मानसिक आजार) आहे, सुटणार!' तिथेच थांब. आजार असणं वेगळं. कृत्याच्या क्षणी त्याचं स्वरूप किंवा ते चूक, बेकायदा आहे हेच न कळणं वेगळं. कोयता लपवला म्हणजे कळत होतं, असं सरकारी वकील म्हणणारच. यावर अर्धा तास गेला तरी जाऊ दे.

आणि हो, वेडाच्या बचावाचं आयपीसीचं (जुन्या भारतीय दंड संहितेचं) कलम ८४ आता भारतीय न्याय संहितेत २२ झालंय, जुन्या नोट्सच्या झेरॉक्स वाटू नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलचं कलम ११५ मात्र घोकून घे. इंटर्नशिपला कॅज्युअल्टीत फवारणीचं औषध प्यायलेला पेशंट येतोच, आणि तो तीव्र ताणाखाली होता असंच कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध होईपर्यंत.

शेवटी प्रत्येकाला आरोपीच्या मानसिक तपासणीचा कोर्टासाठीचा रिपोर्ट लिहायला लाव. माझ्या पहिल्या रिपोर्टात मी चक्क 'आरोपी निर्दोष' लिहून मोकळा झालो होतो. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, 'डॉक्टर, मग मी काय करू?'