मेडिकेअरला जोड कोणत्या पॉलिसीची?

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो आणि लवकरच ६५ वर्षांचा होईन. मेडिकेअरला (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) जोड म्हणून मेडिगॅप (मेडिकेअरनंतर रुग्णाच्या वाट्याला उरणारा खर्च उचलणारी खासगी) पॉलिसी कोणत्या कंपनीची घ्यावी?

उत्तर : कंपनीआधी मुदत पाहावी. वयाची ६५ वर्षे पूर्ण होऊन ‘पार्ट बी’ (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) लागू झाल्यापासून ६ महिने जुन्या आजारांचे कारण देऊन कंपनीला अर्ज नाकारता येत नाही. ही मुदत टळल्यावर बहुतेक राज्यांत प्रकृतीची चौकशी सुरू होते. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा व विस्कॉन्सिन वगळता एकाच अक्षराच्या मेडिगॅप प्लॅनचे (उदा. ‘प्लॅन जी’) मूळ लाभ सर्व कंपन्यांत सारखेच असल्याने हप्ता किती आणि तो वयानुसार वाढतो का, हेच ताडून पाहावे. ‘प्लॅन जी’ डॉक्टरांच्या बिलातील तुमच्या वाट्याचे २० टक्के भरतो, पार्ट बीची वार्षिक वजावट (विमा सुरू होण्याआधी दरवर्षी स्वतः भरायची रक्कम) मात्र भरत नाही. घरी घ्यायच्या औषधांसाठी ‘पार्ट डी’ स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.