परदेशातलं मोठं मूल दत्तक घेताना: वाचकांचे प्रश्न

तीच शंका पुन्हा पुन्हा येते, म्हणून निवडक पत्रांची उत्तरं एकत्र देत आहे.

प्रश्न: नेपाळमधल्या सात वर्षांच्या मुलाचा गोदनामा (दत्तकपत्र) इंदूरच्या कोर्टाबाहेर नोटरीकडून करून घेतला तर चालेल का? (रामबाग)

नाही. नेपाळला व्हिसा लागत नाही, त्यामुळे मूल सीमा ओलांडून येईलही. पुढे पासपोर्ट काढताना आणि वारसाहक्काच्या वेळी गाडी अडते.

प्रश्न: हे ५२ वर्षांचे, मी ४९. पाच वर्षांची मुलगी मिळेल का?

तुमच्या वयांची बेरीज १०१ होते. आपल्या नियमांत चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी ती १०० पर्यंतच चालते, आठच्या पुढच्या मुलासाठी ११० पर्यंत. एका वर्षाने हुकलात. शिवाय ज्या देशातून मूल आणायचं, त्याच्या अटी निराळ्या असतात. आधी दिल्लीच्या ‘कारा’कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, लेखी विचारा.

प्रश्न: काठमांडूच्या एका अनाथालयात नऊ वर्षांच्या मुलाचा लळा लागला. संचालक म्हणतात, आई-वडील नसल्याचा दाखला आहे. देणगी द्या, बाकीचे कागद आम्ही करतो. पुढे काय करावं?

थांबा. एक रुपयाही देऊ नका.

दाखला कोणी दिला आणि कशावरून दिला? हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतली मुलं शिक्षणाच्या आमिषाने काठमांडूला आणून, आई-वडील हयात असताना कागदावर अनाथ केल्याची प्रकरणं उघड झाली आहेत. बेवारस म्हणून नोंदलेल्या नेपाळी मुलांचं दत्तक अमेरिकेसह अनेक देशांनी २०१० मध्ये थांबवलं, ते कागद भरवशाचे नव्हते म्हणूनच. तान्ह्या बाळाला काही सांगता येत नाही, पण नऊ वर्षांच्या मुलाला गाव, आईचं नाव, पाठची बहीण सगळं आठवतं. दाखल्यात ‘कोणी नाही’ आणि मूल बहिणीबद्दल बोलतंय, तर दाखला खोटा असू शकतो.

परदेशातून दत्तक घेण्याबद्दलच्या १९९३ च्या हेग या आंतरराष्ट्रीय करारात क्रम ठरलेला आहे. मूल दत्तकयोग्य आहे का ते आधी तपासायचं, त्याच्याच देशात घर मिळतं का पाहायचं, त्याला समजावून त्याचं मत घ्यायचं. दत्तक घेणाऱ्यांची भेट त्यानंतर. तुमचं सगळं उलट्या क्रमाने चाललंय. भारताने हा करार २००३ मध्ये मंजूर केला. नेपाळने २००९ मध्ये सही केली, मंजुरी दिलेली नाही. म्हणजे तपासाची तेवढी भिंतही तिथे नाही.

मूल सापडल्याचा पोलीस अहवाल, आई-वडिलांच्या शोधासाठी दिलेली जाहिरात, भावंडांची नोंद आणि मुलाशी एकट्याने बोललेल्या समाजसेवकाचा अहवाल मागा. टाळाटाळ झाली तर हात जोडून परत या. सगळं मिळालं, तरी ते कारा आणि या विषयातल्या वकिलाला दाखवल्याशिवाय पाऊल उचलू नका. लळा खरा असेल, पण त्या मुलाची आई जिवंत असेल तर तिचा हक्क आधी.

प्रश्न: एजंट चीनमधून सहा महिन्यांत मूल देतो म्हणतो.

चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तक बंद केलं. जवळच्या नात्यातलं किंवा सावत्र मूल एवढाच अपवाद. एजंटला हे ठाऊक नसेल तर अडाणी, ठाऊक असेल तर ठग. पैसे दिले असतील तर पोलिसांत जा.

प्रश्न: कागदावर मुलगी सहा वर्षांची, पण मोठी वाटते. एक्स-रे काढू का?

मनगटाच्या एक्स-रेत वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात, कुपोषणात हाडं मागेच राहतात. जन्मतारीख बदलायच्या फंदात घाईने पडू नका. त्यापेक्षा डोळे, कान, हिमोग्लोबिन, थायरॉईड, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही, क्षयरोग आणि शौचाची तपासणी करून घ्या. अनाथालयाच्या लसीच्या कार्डावर विसंबू नका. कोणत्या लसी पुन्हा द्यायच्या ते बालरोगतज्ज्ञच ठरवतील.

प्रश्न: दत्तक आदेश मिळाला की भारतीय पासपोर्ट मिळतो ना?

आपोआप नाही. मूल सहसा त्याच्या मूळ देशाच्या पासपोर्टवर व्हिसा घेऊन येतं, नागरिकत्वाचा अर्ज वेगळा. तिकिटं काढण्याआधी वकिलाला भेटा.